दहावी आजी

"लोकर म्हणजे काय, हे साऱ्या जगात फक्त जळगावच्या माणसाला कळतं. काश्मीरवाल्याला नाही, नेपाळवाल्याला नाही. त्यांना थंडी वाजते म्हणून ते विणतात. त्यात कसली आलीये कला? आपण थंडी नसताना विणतो!"

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीच वाजता, पारा चव्वेचाळीसवर असताना उमरभाईंनी हे जाहीर केलं. त्या वेळी त्यांच्या अंगात बनियन होता, मांडीवर लोकरीचा गुंडा होता आणि दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत होते.

"झालं असेल भाषण तर पाय काढा," हमीदा म्हणाली. "फरशी पुसायचीय. बादली पाहिजे."

लोकरीचे जगातले एकमेव जाणकार मुकाट्याने पाय वर घेऊन खाटेवर बसले.

उमरभाई मण्यार कूलर दुरुस्त करत. मेहरूणमधल्या घराचा ओटा हेच त्यांचं दुकान. फेब्रुवारी ते जून सगळं जळगाव त्यांना 'उमरभाई, जरा आजच्या आज बघा ना' म्हणून विनवायचं आणि जुलै लागला की समोरून गेलं तरी ओळख द्यायचं नाही. उरलेले सात महिने ते विणत.

हे विणणं तबस्सुमआपाकडून आलेलं. आपा त्यांची थोरली बहीण. पायाने अधू होती, खिडकीशी बसून बाळांची टोपडी आणि मोजे विणायची. जळगावात लोकरीला गिऱ्हाईक एकच, आणि ते महिन्याभराचं असतं. रस्त्यावरचं डांबर वितळत असलं तरी बाळाच्या डोक्याला वारा लागता कामा नये, यावर इथल्या सगळ्या जातिधर्मांच्या आज्यांचं एकमत आहे. इतकं एकमत या गावात दुसऱ्या कशावरही झालेलं नाही. आपा गेली तेव्हा एक मोजा पुरा झाला होता आणि दुसरा टाचेपर्यंत येऊन सुयांवरच राहिला होता. चार दिवस त्याला कोणी हात लावला नाही. पाचव्या दिवशी उमरभाईंनी तो उचलला आणि टाचेपासून पुढे विणायला घेतला. लहानपणी आपासमोर लडी धरून बसण्यात ज्या दुपारी गेल्या, त्या हातांनी लक्षात ठेवल्या होत्या. मोजा अंमळ मोठा झाला. "बाळ वाढेल की," असं ते म्हणाले. या गोष्टीला वीस वर्षं झाली.

"लोकांचे नवरे लपून तंबाखू खातात," हमीदा मैत्रिणींना सांगायची. "आमचे लपून टोपडी विणतात." ते खरंच होतं. ओट्यावर कोणी आलं की सुया आणि गुंडा घरातल्या कूलरच्या गवतात जायचा. नवरा-बायकोचं भांडण उर्दूत सुरू व्हायचं आणि मराठीत संपायचं. हमीदाचं माहेर यावलचं, आणि शेवटचा शब्द तिला नेहमी माहेरच्या भाषेतच सापडायचा.

तर त्या एप्रिलमध्ये पुण्याहून एक खोकं आलं होतं. त्यांची मुलगी सबा पुण्यात एका मॅडमकडे नोकरीला होती. हातविणीच्या टोप्या, मफलर, हातमोजे यांची नवी डिझाइनं करून देशी-परदेशी विकायची, असा त्या मॅडमचा धंदा. खोक्यात सहा गुंडे होते: तीन सायीच्या रंगाचे, तीन भाजलेल्या शेंगदाण्याच्या. पाठोपाठ सबाचा फोन.

"अब्बा, याला अल्पाका म्हणतात. दक्षिण अमेरिकेतला प्राणी आहे."

"मेंढी?"

"दिसतो मेंढीसारखा, पण उंटाच्या नात्यातला."

"सासरकडून का माहेरकडून?"

"अब्बा! नीट ऐका. मॅडमला दहा टोप्या निवडायच्यात. नऊ झाल्या. दहावी मिळत नाहीये. मी म्हटलं, आमच्या घरी करून बघतो. कुठला नमुना बघून नाही हं, डिझाइन तुमचं पाहिजे. निवडली गेली, तर प्रत्येक टोपीला विणणाऱ्याचं कार्ड लागणार. फोटो आणि नाव."

"कोणाचं नाव?"

"तुमचं. दुसऱ्या कोणाचं?"

उमरभाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. चाळीस वर्षांत हजारो कूलर त्यांच्या हाताखालून गेले, पण प्रत्येकावर नाव कंपनीचं. टोपड्यांवर तर नाव नसतंच. ती 'अमक्याच्या आजीने आणली' म्हणून ओळखली जातात. त्यांचं नाव फक्त ओट्यावरच्या पाटीवर होतं, आणि त्यातलाही 'म' गेल्या वर्षीच्या उन्हात उडाला होता.

त्यांनी गुंडा गालाला लावला. मग हमीदापुढे धरला. तिने एक बोट लावलं.

"मऊ आहे," ती म्हणाली. आपण फारच मान्य केलं असं वाटून तिने पुढे जोडलं, "पण वास येतो."

अल्पाका मऊ होता, हीच त्याची अडचण होती. त्याची टोपी विणली की डोक्यावर लोळायची, उभी राहायची नाही. तिला बाहेरून धरून ठेवणारं काहीतरी राठ पाहिजे होतं. उमरभाई एसटीने धुळ्याला गेले आणि तिथून साक्रीच्या वाटेवर हिलाल ठेलाऱ्याचा मेंढ्यांचा वाडा बसला होता तिथे पोचले. हिलालची ओळख जुनी. त्याच्या कळपातली काळी लोकर त्यांनी पूर्वी एकदा हातात घेऊन पाहिली होती.

"लोकर?" हिलाल हसला. "भाऊ, लोकर कोन लेस आते? मेंढ्या भादऱ्या का आम्ही बठ्ठी फेकी देतस. तुले कितली पाहिजे? पोतं ली जाय."

"सूत काढलेली पाहिजे. टोपी करायचीय, परदेशात जाणारी."

हिलालच्या आईने चातीवर हाताने कातून ठेवलेलं काळं सूत होतं, त्याच्या तीन लड्या तिने आणून दिल्या. रंग वगैरे काही दिलेला नाही. मेंढी जशी काळी तसं सूत काळं. हिलाल मात्र जवळच्या मेंढीकडे नव्याने पाहत राहिला होता. "आयकं का वं," तो तिला म्हणाला, "तुन्ही लोकर फॉरेनले चालनी." मेंढीने ते फारसं मनावर घेतलं नाही.

घरी आल्यावर उमरभाईंनी नऊ दिवसांत टोपी केली. बाहेर धुळ्याची काळी लोकर, कडेला अल्पाकाची पट्टी, दोन्ही बाजूंना कानांच्या वर बारीक जाळी आणि अगदी माथ्यावर रुपयाएवढं गोल भोक. भोकाच्या काठाला त्यांनी अल्पाकाचा असा सुरेख गोट केला होता की पाहणाऱ्याला ते मुद्दाम केलंय हे कळावं.

"हे काय?" हमीदाने विचारलं.

"गरम हवा वर जाते. तिला वाट ठेवली. बाजूच्या जाळीतून थंड हवा आत, माथ्यातून गरम बाहेर."

"ही टोपी आहे का कूलर?"

उमरभाईंना ही स्तुती वाटली.

आता टोपी घालून बघायला थंडी पाहिजे. मे महिन्यात सगळ्या खानदेशात थंडी एकाच ठिकाणी असते: केळीच्या शीतगृहात. तिथे तेरा अंश. माणसं बाहेर भाजत असतात आणि केळी आत गारव्याला बसलेली असतात. रावेरच्या एका शीतगृहात सुकदेव मुकादम होता. उमरभाईंचं जुनं गिऱ्हाईक. टोपी हातात चुरगळेल म्हणून उमरभाई ती डोक्यावर घालूनच एसटीतून उतरले.

सुकदेवने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कारे भो उमरभाई, मे महिन्यात लोकरीची टोपी? घरी सगळं ठीक शे ना?"

"आत काम करणारा एक माणूस दे. दोन तासांसाठी."

सुकदेवने बादलला हाक मारली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला हा गडी आत केळीची खोकी रचायचा. तो टोपी घालून आत गेला आणि दोन तासांनी बाहेर आला. उमरभाई निकालाची वाट पाहत दाराशीच उकिडवे बसले होते.

"कशी आहे?"

"चांगली शे भाऊ," बादल म्हणाला. परीक्षा घेणाऱ्याला वाईट वाटू नये अशी त्याची धडपड चालली होती. "पन कानले चावस. आनि सुकदेवभाऊ शिव्या देत व्हता, त्या आयकू नही उन्यात."

"मग त फायदाच झाला त्याचा," सुकदेव म्हणाला.

"आनि उपर भोक कसाले ठेयं भाऊ? वारा शिरस."

"गरम हवा बाहेर जावी म्हणून."

बादलने मागे वळून शीतगृहाच्या दाराकडे पाहिलं. मग अगदी आदराने विचारलं, "पन भाऊ, गरम हवा तठे व्हतीच कोठे?"

उमरभाईंनी त्याच्या डोक्यावरची टोपी परत घेतली. त्यांचा आजवरचा सगळा जन्म माणसाजवळची गरम हवा हाकलून देण्यात गेला होता. ती जपून ठेवायची असते, अशा ठिकाणी ते कधी राहिलेच नव्हते. परतीच्या एसटीत बसल्या बसल्या त्यांनी टोपी उसवायला घेतली. गाडी भुसावळला पोचेपर्यंत तिचा पुन्हा गुंडा झाला होता. शेजारच्या बाईने "चांगली व्हती की हो," म्हणून हळहळ व्यक्त केली. "जळगावात चांगली होती," उमरभाई म्हणाले.

दोन दिवस त्यांनी सुयांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी एका कूलरचं गवत बदलत असताना, चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना जे बजावत आले तेच त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं: "गवत दाबून भरू नका. दोन जाळ्यांमध्ये मोकळं राहू द्या. हवेला राहायला जागा पाहिजे." गिऱ्हाईक नेहमीप्रमाणे दुसरीकडे पाहत होतं. उमरभाईंनी मात्र स्वतःचं म्हणणं पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं.

दुसरी टोपी म्हणजे खरं तर दोन टोप्या होत्या, एकीत एक. बाहेरची काळ्या राठ लोकरीची, घट्ट. आतली अल्पाकाची, सैल टाक्यांची. दोन्ही फक्त कडेला आणि माथ्यावर जोडलेल्या. मध्ये बोटभर हवा, जिने आत राहायचं आणि कुठेही जायचं नाही. कानांवर बाहेरची लोकर विरळ होत होत जाळी व्हायची, म्हणजे कानाला अल्पाका तेवढा लागेल आणि मुकादमाचा आवाज आत येईल. माथा बंद. ही टोपी बादलने तीन तास घातली आणि बाहेर आल्यावर ती डोक्यावर आहे हेच विसरून चहा प्यायला निघून गेला. ती परत मागून घ्यावी लागली. उमरभाईंना आयुष्यात इतकं मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं.

टोपी पुण्याला गेली. आठ दिवसांनी सबाचा फोन आला की मॅडम स्वतः येतायत.

त्या आल्या सकाळच्या गाडीने, सबा आणि एक फोटोग्राफर सोबत घेऊन. दारातच त्यांनी हमीदाचे दोन्ही हात हातात घेतले.

"आजी, काय टोपी केलीत हो तुम्ही!"

हमीदाला छप्पन्नावं लागलं होतं. तिने मागे वळून पाहिलं, आपल्यामागे आणखी कोणी उभं आहे का म्हणून.

मॅडमनी टेबलावर नऊ कार्डं मांडली. नऊ कार्डांवर नऊ आज्या. कुणी अल्मोड्याची, कुणी कुलूची, सगळ्यांच्या चेहऱ्यावर सुरकुत्यांची जाळी आणि हातात सुया. या टोप्यांच्या मालिकेचं नाव 'आजीची ऊब'. खोकी छापून तयार होती: दहा आज्या, दहा टोप्या.

उमरभाईंनी सबाकडे पाहिलं. सबा फरशीकडे पाहत होती. टोपीसोबत तिने 'आमच्या घरी विणलेली' एवढंच कळवलं होतं, आणि पुढचं मॅडमनी स्वतःच गृहीत धरलं होतं. ते दुरुस्त करायचा धीर तिला झाला नव्हता, हे त्यांना पोरीच्या मानेवरूनच कळलं.

"आमची हमीदाच विणते," उमरभाई म्हणाले. "हात चांगला आहे तिचा." आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ते ओट्यावर गेले.

ओट्यावर एक उघडा कूलर होता. त्यांनी त्याच्या मोटरीचा एक स्क्रू काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. आतलं सगळं ऐकू येत होतं. खुर्ची खिडकीशी सरकवल्याचा आवाज. पदर नीट करायला सांगितल्याचा. मग फोटोग्राफर म्हणाला, "आजी, जरा विणा बघू."

उमरभाईंचा स्क्रू हातातच राहिला.

"एक तर मला आजी म्हणू नका," हमीदाचा आवाज आला. "पोरीचं लग्न व्हायचंय अजून." मग सुया टेबलावर ठेवल्याचा खणकन आवाज. "आणि दुसरं, मला हे येत नाही. मी कधी साधं बटण लावलं नाही. सबाचे अब्बा! आत या जरा!"

उमरभाई आत आले. हमीदा खुर्चीतून उठली होती आणि खुर्ची रिकामी होती.

"टोपी यांनी केलीये," ती मॅडमना म्हणाली. "धुळ्याला गेले, रावेरला गेले, केलेली टोपी उसवून परत केली. या विणण्यावरून वीस वर्षं मी यांना नावं ठेवली. अजूनही ठेवीन. तो माझा हक्क आहे. पण यांच्या कामावर माझा फोटो नको."

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत?" मॅडमनी उमरभाईंना विचारलं.

"पोरीची नोकरी आहे, मॅडम. तुमची खोकी छापलेली आहेत."

"अब्बा, माझ्या नोकरीचं मी बघते," सबा म्हणाली. तिचा आवाज बारीक होता, पण मान वर होती. "मॅडम, चूक माझी आहे. पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. डिझाइन अब्बांचं आहे."

मॅडमनी पिशवीतून टोपी काढली आणि उलटी केली. कड, माथा, कानाजवळची जाळी, सगळीकडे त्यांची बोटं फिरली. त्या स्वतः हे काम जाणणाऱ्या होत्या. कुठे टाके कमी केले आणि का केले, हे त्यांची बोटं वाचत होती.

"दोन थरांच्या मध्ये हवा ठेवायचं कुठून सुचलं?"

उमरभाईंनी ओट्यावरून कूलरची गवताची चौकट आणून टेबलावर, नऊ आज्यांच्या शेजारी ठेवली. "ह्याच्यातून." मग त्यांनी पहिल्या टोपीच्या माथ्यावरचं भोकही सांगितलं, बादलचा प्रश्नही सांगितला. काही लपवलं नाही. ते सांगताना फोटोग्राफर तोंडावर हात धरून हसत होता, हे दिसूनही ते थांबले नाहीत.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टोपी सरळ करून डोक्यावर चढवली. सकाळचे अकरा वाजले होते, बेचाळीस अंश झाले असतील. कपाळावर घाम आला, कानशिलावरून ओघळला, तरी त्या तशाच बसून राहिल्या.

"बोला काहीतरी," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"ऐकू येतंय," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. "कान पूर्ण झाकलेत, आणि नीट ऐकू येतंय." त्यांनी टोपी काढली आणि फोटोग्राफरकडे वळल्या. "यांचा फोटो घे."

"मॅडम, पण खोक्यावर दहा आज्या..."

"नऊ आज्या आणि एक उमरभाई. खोकी पुन्हा छापू. कुठे बसता तुम्ही विणायला?"

आजवर ते घरात बसत. पण त्यांनी सांगितलं, "ओट्यावर."

हमीदाने ईदचा पांढरा कुडता काढून दिला. दाढी विंचरून झाली. ओट्यावर, तीन उघड्या कूलरांच्या मध्ये, रस्त्याकडे तोंड करून उमरभाई मांडी घालून बसले. सुया हातात घेतल्या, काळं सूत बोटाला गुंडाळलं आणि टाके घालायला सुरुवात केली. जाणारे-येणारे थांबले. समोरचा पंक्चरवाला छगन हातातली ट्यूब तशीच घेऊन रस्ता ओलांडून आला. तीस वर्षांची शेजारदारी होती, पण हे त्याने पाहिलं नव्हतं.

"उमरभाई, काय करू ऱ्हायले हे?"

उमरभाईंनी ओळ पुरी केली. सुई बदलली. मग मान वर केली.

"विणतोय," ते म्हणाले.

छगनने ट्यूब खांद्यावर टाकली. तो तिथेच ओट्याच्या कडेला बसला आणि दोन सुलटे, दोन उलटे टाके पडताना पाहत राहिला. हमीदा दारात उभी होती. कोणी तिच्याकडे पाहिलं की ती लगेच कपाळाला आठी घालायची. एरवी कपाळावर आठी नव्हती.

फोटो झाले. सबाने मोबाईलवर कार्डाचा मजकूर लिहिला आणि वाचून दाखवला: "उमर मण्यार, जळगाव. बाहेर धुळ्याची काळी लोकर, आत अल्पाका. रचना आणि विणकाम, दोन्ही त्यांचंच."

"पुन्हा वाच," उमरभाई म्हणाले.

तिने पुन्हा वाचलं. त्यांनी सुया खाली ठेवल्या आणि कुडता सारखा केला. अशा वेळी माणूस काहीतरी मोलाचं बोलतो हे मॅडमना नऊ आज्यांच्या अनुभवाने माहीत होतं, आणि त्यांनी फोटोग्राफरला हलकेच खूण करून ठेवली.

"मॅडम, एक विनंती होती," उमरभाई म्हणाले. "हे कार्ड सगळीकडे जाणार ना?"

"सगळीकडे. परदेशातसुद्धा."

"मग खाली जी जागा उरते, तिथे माझा मोबाईल नंबर टाकून, बारीक अक्षरांत, 'कूलरचं गवत बदलून मिळेल' एवढं टाकता येईल का?"